दहा हॉर्सचं आउटबोर्ड चांगलं, पण कृष्णेत लाँग शाफ्ट घेऊ नका

आउटबोर्डच्या, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला लावायच्या इंजिनाच्या, सर्व्हिसवाल्याने चार हजार आठशेचं बिल हातात ठेवलं आणि वर ऐकवलं, "इंपेलर वॉरंटीत येत नाही, झिजणारा पार्ट आहे." असेल. इंपेलर म्हणजे इंजिनाच्या पाणीपंपातलं रबरी चक्र. पण झिजणारा पार्ट एकाच सीझनमध्ये दोनदा झिजला, तर कुणीतरी होडीमागे वाकून बघायचं की नाही? कुणी बघितलं नाही, म्हणून हे लिहितोय.

मशीनची माहिती सगळ्यांना आहे: फोर-स्ट्रोक, दोन सिलिंडर, ओढायची दोरी. होडी अठरा फुटी फायबरची, वर ताडपत्री, नवरा-बायको दोघांचं रांधणं-झोपणं तिच्यावरच. वापर सांगलीचा बंधारा ते म्हैसाळ बंधारा एवढ्या पट्ट्यात. बंधारे ओलांडून जाता येत नाही, त्यामुळे हरिपूर, अंकली आणि परत. पट्टा छोटा असला तरी मोकळा नाही. मासेमारीची जाळी, शेतीपंपांचे पाइप, फुटव्हॉल्व्हचे दोर, शर्यतीच्या सरावाच्या होड्या, सगळं याच पाण्यात.

इंजिन म्हणून तक्रार नाही. थंडीतसुद्धा दुसऱ्या ओढीला घेतं. अर्ध्या थ्रॉटलला तासाला दोन लिटरच्या आत पेट्रोल. पूर्ण पिळलं की खप दुप्पट आणि वेगात फरक नावाला. ज्याला पेट्रोल फुकट मिळतं त्यानेच पिळावं.

आता इंपेलर. होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर, खालच्या दांड्यात रबराच्या पाकळ्यांचं चक्र असतं. ते नदीचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवतं. चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडते, ती या पंपाची खूण. आमच्याकडे धार आधी बारीक झाली, मग थेंब, मग अलार्म. धार थांबली की लगेच बंद करा. काठाला लागेपर्यंत चालवू म्हणालात तर पंप कोरडा फिरतो आणि अर्ध्या मिनिटात रबर करपतं.

दुसऱ्यांदा घरीच खोललं. काम तासाभराचं आहे. आधी प्लगची वायर काढा. खालच्या दांड्याचे बोल्ट काढा, गिअरचा रॉड सोडवा, दांडा सरळ खाली ओढा. पंपाच्या डबीचे चार स्क्रू काढले की इंपेलर दिसतो. त्याला शाफ्टवर अडकवणारी अर्धचंद्राची चावी टिचभर असते, खाली फडकं अंथरा, नाहीतर गेली पाण्यात. नवा इंपेलर साबणाच्या पाण्याने ओला करून बसवा, ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. डबी दाबताना शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा, म्हणजे पाकळ्या बरोबर वळतात. जुन्याची एखादी पाकळी तुटलेली असेल तर तो तुकडा शोधायचाच. तो वरच्या नळीत अडकलेला असतो आणि नवा पंप टाकूनही इंजिन तापतं. सर्व्हिसवाल्याने हेही पाहिलं नव्हतं. नळीतून मला तुकडा मिळाला.

इंपेलरखालच्या स्टीलच्या पट्टीवरून नख फिरवलं तर गोल चऱ्यांत अडकत होतं. ही वाळूची करामत. पट्टीही बदला, नुसतं रबर बदलून धार येत नाही.

इथपर्यंत माझं मत होतं की कंपनीचं रबर बोगस आहे. आता तसं वाटत नाही. टेप लावून पाहिलं तर होडीची मागची फळी १५ इंच आणि मशीनचा दांडा २० इंचाचा, म्हणजे लाँग शाफ्ट. पंख्यावरची आडवी प्लेट होडीच्या तळाच्या रेषेत, फार तर इंचभर खाली हवी. आमची पाच इंच खाली. उन्हाळ्यात बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले आणि पाणी कमरेएवढं झालं की पंखा तळाची रेती घुसळतो आणि पंप तीच गिळतो. विकणाऱ्याने फळीचं माप विचारलं नाही, दुकानात जे होतं ते गळ्यात मारलं. मरीन प्लाय आणि आरपार स्टीलचे बोल्ट घालून फळी साडेचार इंच उंच केली, भोकांत इपॉक्सी भरलं. सुताराचे पैसे सर्व्हिसच्या बिलाच्या निम्मे. त्यानंतर धार जाडच आहे. जोरात वळताना पंखा थोडी हवा ओढतो, तेवढं चालतं.

जलपर्णी मात्र शाफ्ट कितीही आखूड असला तरी सोडत नाही. बर्गे घातले, पाणी थांबलं की थर साचतो. पंख्यात अडकली तर दोन-तीन सेकंद रिव्हर्स मारा, बऱ्याचदा सुटते. नाही सुटली तर इंजिन बंद, किल-स्विचची दोरी (ती निघाली की इंजिन चालू होत नाही) काढा, मशीन वर उचला आणि बांबूच्या आकड्याने ओढा. हात पाण्यात घालायचा नाही. या नदीत मगरी आहेत आणि कडेच्या जलपर्णीखाली काय आहे ते दिसत नाही.

राहण्याबद्दल थोडक्यात. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळात साचतो. शेगडी उघड्यावर, पेट्रोलच्या टाकीपासून लांबच्या टोकाला. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या पाचपट सोडा. काठाला बांधलं तर दोर ढिला ठेवा. वर कोयनेतून किंवा वारणेतून पाणी सोडलं की रात्रीत पातळी चढते आणि ताठ बांधलेली होडी कलते.

सांगलीच्या आयर्विन पुलावर ४० फूट ही पुराची इशारा पातळी, पण होडी त्याच्या खूप आधी बाहेर हवी. जूनमध्ये मशीन काढलं की कार्बोरेटर रिकामा करा, हल्लीचं इथेनॉलचं पेट्रोल चार महिने आत राहिलं की पाणी धरतं. गिअर ऑइल दुधाळ निघालं तर सील गेलंय. नवं ऑइल खालच्या भोकातून भरा, वरच्यातून बाहेर येईपर्यंत, आणि आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा.

इंजिनला चार तारे. विकणाऱ्याला एक, तोही पावती वेळेवर दिली म्हणून.