डब्यावर नोबेल, डब्यात साखर

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. गुरांसाठीच्या चिकाच्या भुकटीच्या पुडीला पाचपैकी दीड तारा. त्याच चिकाच्या मुलांच्या डब्याला अर्धा, आणि तोही झाकणासाठी. झाकण घट्ट बसतं. सध्या त्यात मेथीदाणे आहेत.

दोन्ही वस्तू सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घेतल्या. घोडेबाजार बघून बाहेर पडताना एक स्टॉल लागतो. एका बाजूला शिंगरू, वासरू, पारडू यांच्यासाठी चिकाच्या भुकटीच्या पुड्या. दुसऱ्या बाजूला त्याच चिकाचा मुलांसाठी डबा. मधोमध फ्लेक्सवर मेंदूचं चित्र, त्यातून निळ्या विजा निघताहेत आणि खाली लिहिलंय: ‘नोबेलविजेत्या संशोधनावर आधारित ग्रोथ फॅक्टर, मेंदूच्या संपूर्ण वाढीसाठी’. ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना जगायला-वाढायला सांगणारी प्रथिनं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असे डबे बरेच आहेत आणि नावं दरवर्षी बदलतात. मी शहाद्याकडे ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि घरी जाफराबादी म्हशी आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या मालाबद्दल प्रश्न विचारायचा हक्क आपला आहे असं मला वाटलं. पैसे सासूबाईंनी काढले. नातू यंदा पहिलीत गेलाय.

पुडीचं आधी उरकते. 50 ग्रॅम, 180 रुपये. गाय, म्हैस, घोडी यांच्या वारेतून आईची प्रतिपिंडं पिल्लाच्या रक्तात जात नाहीत. पिल्लू कोरं जन्मतं आणि ती सगळी शिदोरी चिकातून घेतं. त्याचं आतडं ही मोठी प्रथिनं अख्खी आत घेतं, पण जेमतेम चोवीस तास, आणि त्यातही पहिले सहा तास महत्त्वाचे. वासराला या वेळात किमान 100 ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन जी, म्हणजे चिकातलं मुख्य प्रतिपिंड, मिळायला हवं, हा पशुवैद्यकातला जुना हिशोब. हल्ली त्याहून जास्तच सांगतात. आता 50 ग्रॅमच्या पुडीत 100 ग्रॅम कसं मावणार, हे मी त्या पोराला विचारलं. तो म्हणाला, “ताई, हे कॉन्सन्ट्रेटेड आहे.” पुडीवर ग्रॅमचा आकडाच नाही, फक्त ‘ग्रोथ फॅक्टरयुक्त’. म्हैस दगावली किंवा सड सुजून चीकच आला नाही, तर शेजारच्या गोठ्यातला गोठवलेला चीक कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवा आणि पाजा, तो खरा. ही पुडी त्याच्या जोडीला चालेल, जागी नाही. दीड तारा यासाठी की भुकटी कोमट पाण्यात गुठळी न होता विरघळली आणि पारडानं कुरकुर न करता प्यायली.

डब्यावर मात्र बोलायला हवं. 400 ग्रॅम, 1,150 रुपये, सोबत प्लॅस्टिकचा चेंडू फुकट. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते, म्हणून मी आधी तीच वाचते. पहिली साखर. दुसरी साय काढलेल्या दुधाची भुकटी. मग माल्ट, मग कोको, आणि पाचव्या नंबरला आपला चीक. सासूबाईंनी पहिला कप चाखला आणि कपाकडे बघत एवढंच म्हणाल्या, “हाई काय शे?”

नोबेलचं मात्र खरं आहे. 1986 सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनले कोहेन यांना ग्रोथ फॅक्टरच्या शोधासाठीच मिळालं. मुसोलिनीच्या वंशकायद्यांमुळे काम सुटलेल्या या ज्यू बाईंनी तुरीनमध्ये स्वतःच्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली होती आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर काम केलं. पुढे अमेरिकेत सेंट लुईसला त्यांनी दाखवलं की काही पेशींमधून असा पदार्थ सुटतो की त्याच्या दिशेनं मज्जातंतूंचे धागे झुपक्यानं वाढतात. तोच एनजीएफ, म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. कोहेन त्याच्या शोधात उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचत होते, तेव्हा पिल्लांचे डोळे वेळेआधीच उघडायला आणि दात वेळेआधीच यायला लागले. त्यातून ईजीएफ हा वेगळाच ग्रोथ फॅक्टर हाती लागला. हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगते, पोरांना आवडतो. फक्त तो अर्क पिल्लांना टोचला होता, कपातून पाजला नव्हता. आणि डोळे लवकर उघडलेली पिल्लं हुशार निघाली, असं कोहेननी कुठं म्हटलेलं नाही.

विक्रेत्याचा सगळ्यात पक्का मुद्दा होता आयजीएफ-1 या ग्रोथ फॅक्टरचा. गाईच्या चिकात तो असतो आणि त्याची 70 अमिनो आम्लांची साखळी गाईत आणि माणसात तंतोतंत सारखी आहे. हे त्यानं बरोबर सांगितलं, मी मनातून शाबासकी दिली. पण सहा वर्षांच्या पोराच्या जठरात आम्ल आणि पेप्सिन असतं. तिथं हे प्रथिन डाळीतल्या प्रथिनासारखंच तुकडे होऊन पचतं. त्यातून थोडंफार निसटलं तरी रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक अडथळा आहे, मोठे रेणू त्यातून सहजी जात नाहीत. मेंदू आपल्याला लागणारे हे पदार्थ बहुतांशी जागच्या जागीच बनवतो. 1982 मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळा काढलेला बीडीएनएफ हा ग्रोथ फॅक्टर हे त्याचं नावाजलेलं उदाहरण. एक पेशी तो सोडते, शेजारची घेते.

आणि समजा, डब्यातला ग्रोथ फॅक्टर मेंदूत पोचला. फ्लेक्सवरचं ‘जितके जास्त, तितके उत्तम’ हेच मुळात उलटं आहे. गर्भात गरजेपेक्षा कितीतरी जास्त चेतापेशी तयार होतात आणि शरीराच्या कित्येक भागांत त्यातल्या सुमारे निम्म्या मरतात. मराव्याच लागतात. ज्या स्नायूशी किंवा कातडीशी धागा जोडायचा, तिथून ग्रोथ फॅक्टर मोजकाच सुटतो. ज्या पेशीला तो मिळाला ती जगली, बाकीच्या गेल्या. बाजरीत विरळणी करतो तसंच. विरळणी केली नाही म्हणून कुणाचं पीक वाढल्याचं मी पाहिलं नाही. म्हणजे ही टंचाई रचनेचाच भाग आहे, आणि कंपनी ती भरून काढायला निघालीय!

वेळेचाही प्रश्न आहे. पारडू तासा-दोन तासांत उभं राहून सडाला लागतं, कारण मेंदूची बरीच बांधणी पोटातच उरकलेली असते. उंदराचं पिल्लू आंधळं जन्मतं, त्याची धावपळ नंतर चालते. माणसाचं बाळ या दोघांच्या मधलं: गरोदरपणाचे शेवटचे महिने आणि पहिली दोन वर्षं हा मेंदूच्या वाढीचा मुख्य काळ. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या सुमारे 90 टक्के झालेला असतो. डब्यावर वयोगट छापलाय 5 ते 12. गाडी सुटल्यावर तिकीट! (ज्या बाळाला चिकाची खरी गरज असते त्याला आईचा स्वतःचा चीक असतो, फुकट. सासूबाईंच्या काळात तो पिळून टाकायचे. त्याच बाई आता डब्यातल्या चिकासाठी अकराशे पन्नास मोजतात, हे मी त्यांना बोलून दाखवलं. दोन दिवस अबोला होता.)

आमची म्हैस व्याली की पहिलं काम चाटायचं. पारडू नाकापासून शेपटीपर्यंत चाटून कोरडं करते, ढकलते, पुन्हा चाटते. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात सॉल शॅनबर्ग यांनी उंदराची पिल्लं आईपासून बाजूला काढली, तर त्यांच्यातलं वाढीचं संप्रेरक घसरलं. मग ओल्या ब्रशनं जोरात कुरवाळलं, आईच्या जिभेसारखं, आणि ते परत वर आलं. कॅनडात मॉन्ट्रियलला मायकेल मीनी यांच्या गटानं 2000 साली दाखवलं की जास्त चाटणाऱ्या उंदरीणींच्या पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींशी जोडलेल्या भागात, बीडीएनएफ जास्त बनतो आणि ती चक्रव्यूहात वाट लवकर शिकतात. कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जास्त चाटणारीकडे सोपवली तरी हा फायदा दिसला. उंदराचं माणसाला जसंच्या तसं लावू नये हे मला कळतं, पण ग्रोथ फॅक्टर वाढवायचाच असेल तर स्टॉलवाल्यानं ब्रश विकायला हवे होते.

उरलेल्या भुकटीचा खरवस करून पाहिला. वेलची, गूळ, कुकरला शिट्टी न लावता वाफ. थिजलाच नाही. खऱ्या चिकात प्रथिनं इतकी असतात की उष्णतेनं तो आपोआप घट्ट होतो. पाचव्या नंबरच्या चिकाकडून ती अपेक्षा करणं अन्यायच. नातवानं ते चॉकलेटी पाणी म्हणून प्यायलं आणि चेंडू घेऊन बाहेर गेला. चेंडू चांगला आहे, अजून फुटलेला नाही.

डब्यावरच्या नंबरला फोन लावला आणि चिकाचं प्रमाण ग्रॅममध्ये विचारलं. “मॅडम, ते नॅचरल आहे, बॅचप्रमाणे बदलतं,” असं उत्तर मिळालं. पैसे परत मागितले तर डबा उघडलेला नसावा, ही अट.

शिंगरांची पुडी मी घेतलेली नाही, तिच्याबद्दल बोलणार नाही. घरी घोडी असेल आणि तुम्ही घेतली असेल तर खाली लिहा. पण घेण्याआधी पाठीमागं इम्युनोग्लोब्युलिन जी चे ग्रॅम छापलेत का, तेवढं बघा. छापलेले नसतील तर पुडी काउंटरवरच राहू द्या.