चालणे की ताकदीचा व्यायाम: फुप्फुसाच्या जुन्या आजारात आधी काय निवडावे?

सीओपीडीसारखा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या माणसाने हालचाल वाढवावी, याबद्दल आता डॉक्टरांत दुमत नाही. घरच्यांना पडणारा प्रश्न एवढाच की सुरुवात रोजच्या चालण्याने करावी की मांड्या-दंडांच्या ताकदीच्या व्यायामाने. यांपैकी कशानेही फुप्फुसाची झालेली हानी भरून निघत नाही आणि फुंकण्याच्या चाचणीतले आकडे सहसा हलत नाहीत, सुधारतात ते स्नायू.

परभणी जिल्ह्यातल्या माझ्या मावशीने बिडी कधी हातात धरली नाही, पण चाळीस वर्षे पऱ्हाट्या आणि तुराट्यांच्या धुरात भाकरी थापल्या. भुईवरून उठताना ती आधी तळहात टेकवी, मग गुडघ्यावर जोर देई आणि उभी राहिल्यावर भिंत धरून थांबे. "दम लागतो ते लागतोच, पण पायच उचलंनात," असे ती म्हणे, आणि आम्ही ते वयाच्या खात्यात टाकून मोकळे होत असू. खरे तर दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने मांडीचा स्नायू रोडावतो, त्यातले दीर्घकाळ टिकून काम करणारे तंतू कमी होतात आणि असा स्नायू थोड्या श्रमातच थकून आणखी श्वास मागतो. वारंवार घ्याव्या लागणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी हा ऱ्हास वाढतो.

चालण्याला खर्च नाही, सोबत मिळते आणि दमसास वाढतो. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत साधारण 30 मीटरची वाढही अर्थपूर्ण मानतात. मात्र आजार बळावलेला असेल तर मांड्यांना पुरेसा ताण मिळण्याआधीच श्वास संपतो, म्हणून दोन मिनिटे चालणे, एक मिनिट थांबणे असे तुकडे पाडावे लागतात. त्यातून आपल्याकडचा चाळिशी ओलांडणारा उन्हाळा आणि थंडीतल्या पहाटेचा शेकोट्यांचा धूर. दोन्ही वेळा बाहेर पडणे नकोसेच.

ताकदीच्या व्यायामात एका वेळी मोजकेच स्नायू राबत असल्याने दम कमी लागतो. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, वाळू भरलेली लिटरची बाटली कोपरातून वर उचलणे, असे प्रत्येकी 8 ते 12 वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरते. जोर लावताना श्वास कोंडायचा नाही, ओठ आवळून हळू सोडायचा. हे एकदा फिजिओथेरपिस्टकडून समोरासमोर शिकून घ्यावे. व्यायाम कंटाळवाणा आहे, हे मात्र मान्य करायला हवे. शिवाय भाकरीसोबत अंडे, डाळ किंवा उसळ नसेल तर स्नायू भरायचा कशाने?

देखरेखीखालचे सहा ते बारा आठवड्यांचे श्वसन पुनर्वसन, म्हणजे अशा रुग्णांसाठीचा व्यायामाचा कार्यक्रम, मिळत असेल तर दोन्ही एकत्र होतात, म्हणून नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरला राहणाऱ्यांनी छातीविकार तज्ज्ञाकडे त्याची चौकशी जरूर करावी. खेड्यातून आठवड्याला दोन एसटी फेऱ्या मात्र फार दिवस निभत नाहीत.

माझे मत असे: जो अजून बाजारहाट करतो त्याने चालण्यापासून सुरुवात करावी, जो घराबाहेर पडणेच सोडून बसला आहे त्याने आधी खुर्ची धरावी. हृदयविकार असेल किंवा आजार नुकताच उसळून गेला असेल तर दोन्हींआधी डॉक्टरांना विचारावे, आणि छातीत दुखले, चक्कर आली किंवा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन 88 टक्क्यांखाली गेला तर तिथेच थांबावे. मावशीला आम्ही मे महिन्यात खुर्चीवर बसवले. चालायला तिने सुरुवात केली ती मृगाचा पाऊस पडून धूळ बसल्यावर.