सरासरीचा कालावधी कसा नोंदवावा: एक तारीख, आरंभ-अंत की सीमा?

गोव्यातल्या पावसाचे किंवा तापमानाचे मासिक आकडे एकत्र करून इतरांना द्यायचे ठरवले, की अडायला होतं ते वेळेच्या रकान्यापाशी. जुलैची सरासरी पूर्ण महिन्याची असते, पण रकान्यात जागा असते एकाच तारखेला. ती मांडण्याचे चार मार्ग रूढ आहेत: नुसती तारीख, आयएसओ ८६०१ (तारीख-वेळ लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे ‘आरंभ/अंत’ असा मजकूर, नेटसीडीएफ (हवामानाच्या माहितीसाठी वापरला जाणारा फाइल-प्रकार) फाइलीत सीएफ संकेतांच्या, म्हणजे अशा फाइलींत माहितीचं वर्णन कसं लिहायचं याच्या नियमांच्या, सीमा (कालावधीचा आरंभ आणि अंत) आणि अनेक वर्षांच्या सरासरीसाठी त्याच संकेतांतल्या क्लायमेटॉलॉजी सीमा. माझं मत आधीच सांगतो, पहिला मार्ग सोडूनच द्या. उरलेल्या तिघांतून निवडताना दोनच गोष्टी पाहा: सरासरी सलग काळाची आहे की वर्षानुवर्षांच्या त्याच महिन्याची, आणि फाइल कोण उघडणार आहे.

नुसत्या तारखेवर माझा राग का, तर जुलैच्या आकड्यावर कुणी १ जुलै टाकतं, कुणी १६, कुणी ३१, तर कुणी कालावधी संपला म्हणून १ ऑगस्ट. दोन फाइली तारखेवरून जोडल्या की एकाचा जुलै दुसऱ्याच्या ऑगस्टशेजारी जाऊन बसतो आणि कुठलीही त्रुटी दाखवली जात नाही.

पावसाच्या बाबतीत हे आणखी खोल जातं. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ला संपतो आणि संपतो त्या तारखेला नोंदला जातो. उपग्रहांच्या किंवा पुनर्विश्लेषणाच्या (जुन्या नोंदी आणि मॉडेल यांची सांगड घालून तयार केलेल्या) माहितीत मात्र दिवस बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, मध्यरात्रीपासून मोजतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे ५:३० पासून. आता समजा, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात १४ जुलैच्या रात्री दहापासून पहाटे चारपर्यंत पाऊस कोसळला. हवामान विभागाच्या पद्धतीत तो १५ तारखेचा, यूटीसीच्या पद्धतीत १४ चा. दोन्ही बरोबर. पण रोजच्या आकड्यांची तुलना करणाऱ्याला वाटेल, उपग्रह चुकला. महिन्याच्या बेरजेतही हेच होतं: हवामान विभागाच्या रोजच्या नोंदींवरून काढलेला जुलैचा पाऊस खरं तर ३० जून सकाळी ८:३० ते ३१ जुलै सकाळी ८:३० या काळातला असतो. ऐन पावसाळ्यात आपल्याकडे एका रात्रीत किती पडू शकतं, हे इथे कुणाला सांगायला नको. ‘जुलै’ एवढंच लिहिलं तर यातलं काही कळत नाही, सीमा लिहिल्या तर लगेच दिसतं.

आयएसओचा मजकूर माणसाला वाचता येतो, सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकूर-फाइलीत) बसतो आणि डेटा-कॅटलॉगनाही (माहितीसंचांच्या शोधता येणाऱ्या याद्यांनाही) चालतो. त्याची दुखरी जागा म्हणजे अंत. ‘२०२४-०७-०१/२०२४-०७-३१’ यात ३१ तारीख धरायची का? माणूस धरतो. प्रोग्राम मात्र तिचा अर्थ ३१ ची मध्यरात्र, म्हणजे दिवसाची सुरुवात, असा घेऊन शेवटचा दिवस गाळू शकतो. म्हणून अंत १ ऑगस्ट ००:०० असा लिहा, तासासह आणि यूटीसीपासूनच्या फरकासह. शिवाय काही हवामान मॉडेलांचं वर्ष ३६० दिवसांचं असतं. त्यातली ३० फेब्रुवारी आयएसओत लिहिताच येत नाही, तर सीएफमध्ये दिनदर्शिका वेगळी नोंदवण्याची सोय आहे.

सीएफमध्ये प्रत्येक वेळेला दोन आकड्यांची जोडी असते, आरंभ आणि अंत; ती ‘बाउंड्स’ या गुणधर्मातून जोडतात. सोबत ‘सेल मेथड्स’मध्ये लिहायचं की मूल्य सरासरी आहे, बेरीज आहे की कमाल. पावसासाठी ही नोंद फार मोलाची, कारण रोजची सरासरी आणि महिन्याची बेरीज दोन्ही कुणीतरी मिलिमीटरमध्येच लिहून ठेवतं. अडचण एवढीच की फाइल एक्सेलमध्ये उघडत नाही. आणि एक्सअॅरेत (अशा फाइलींवर काम करणाऱ्या पायथनच्या साधनात) मासिक सरासरी काढलीत तर नव्या सीमा स्वतः तयार करून जोडा. त्या आपोआप येतील असं धरून चालू नका.

१९९१–२०२० ची जुलैची सरासरी असेल, तर साध्या सीमा दिशाभूल करतात. १ जुलै १९९१ ते १ ऑगस्ट २०२० असं लिहिलं की वाचणाऱ्याला ती सलग २९ वर्षं आणि एका महिन्याची सरासरी वाटते. इथे ‘बाउंड्स’ऐवजी ‘क्लायमेटॉलॉजी’ हा गुणधर्म द्यायचा आणि पद्धत दोन टप्प्यांत सांगायची: वर्षाच्या आत बेरीज, वर्षांवर सरासरी. आयएसओचा एकच कालावधी हे सांगू शकत नाही. संदर्भवर्षंही यातच येतात, आणि त्यांची गरज खरीच आहे. हवामान विभाग पावसाची दीर्घकालीन सरासरी १९७१–२०२० ची धरतो, तर जागतिक हवामान संघटनेचा सध्याचा प्रमाण कालखंड १९९१–२०२० हा आहे. ‘सरासरीपेक्षा जास्त’ म्हणताना कोणती सरासरी, हे फाइलीनेच सांगायला हवं.

तेव्हा कुळागरात किंवा शाळेत पर्जन्यमापक असेल, तर सीएसव्हीच घ्या आणि पावसाच्या आकड्याशेजारी रकाने तीन ठेवा: आरंभ, अंत, प्रकार. पहिल्या ओळीत ‘२०२४-०६-३० ०८:३० +०५:३०’, ‘२०२४-०७-३१ ०८:३० +०५:३०’, ‘बेरीज’. विद्यापीठात किंवा दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत जाळीवरच्या (नकाशावर आखलेल्या चौकटींनुसार दिलेल्या) माहितीवर काम करत असाल, तर सीएफशिवाय दुसरं काही निवडू नका. संच कॅटलॉगमध्ये टाकताना त्यावर आयएसओचा एकूण कालावधी जरूर द्या, पण तो शोधणाऱ्याच्या सोयीसाठी. प्रत्येक आकड्याच्या सीमा फाइलीच्या आतच हव्यात.