शुअर एसएम ५८ : मैदानावरच्या समालोचकाने घ्यावा का?

मराठवाड्यात दिवाळी सरली की टेनिस बॉलच्या स्पर्धा आणि हॅलोजनखालची कबड्डी सुरू होते, ती पाऊस तोंडावर येईपर्यंत. समालोचन करून चार पैसे मिळू लागलेला पोरगा पहिली मोठी खरेदी करतो ती स्वतःच्या माइकची. कारण उघड आहे. मंडपवाल्याच्या माइकची जाळी दबलेली असते, आतला स्पंज दहा जणांच्या थुंकीने कडक झालेला असतो आणि वायर हलवली की आवाज जातो. दुकानात गेलं की बहुतेक वेळा समोर येतो तो शुअर कंपनीचा एसएम ५८. तो घ्यावा का? क्रिकेट, कबड्डी, खो-खोसाठी जरूर घ्यावा, पण बटणवाला. कुस्तीच्या फडासाठी मात्र घेऊ नये.

बटणाचं आधी सांगतो, कारण चूक तिथेच होते. खोक्यावर ‘एलसी’ लिहिलेला ५८ बिनबटणाचा असतो आणि त्यात वायरही नसते. क्लिप आणि चेनची पिशवी तेवढी मिळते. बटणवाल्याला ‘५८ एस’ म्हणतात. गाणाऱ्याला बटण नकोच असतं, चुकून बंद झालं तर पंचाईत. त्याचा आवाज वर-खाली करायला आवाजाच्या मिक्सरवर माणूस बसलेला असतो. समालोचकाच्या टेबलावरचा कारभार वेगळा. मध्येच खोकला येतो, गुणलेखकाशी धावांवरून हुज्जत होते, आणि आयोजक कानाशी येऊन ‘साहेब आलेत, नाव घ्या’ म्हणतात. बटण नसेल तर हे सगळं गावभर ऐकू जातं.

हा माइक १९६६ सालचा. नावातल्या ‘एसएम’चा अर्थ स्टुडिओ मायक्रोफोन, पण त्याने नाव कमावलं ते स्टेजवर. ‘डायनॅमिक’ प्रकारचा असल्यामुळे त्याला वेगळी वीज लागत नाही, धूळ आणि ऊन तो सोसतो. समोरचा आवाज नीट घेतो, मागचा बराचसा टाळतो. आउटपुट मात्र कमी आहे, म्हणून ॲम्प्लिफायरचा माइकचा नॉब नेहमीपेक्षा जास्त फिरवावा लागतो. पुटपुटणाऱ्याचा हा माइक नाही. व्यंजनं जिथे ऐकू येतात त्या वरच्या पट्टीत त्याचा आवाज थोडा उचललेला आहे, आणि भोंग्यावर नेमकं तेच कामाला येतं. लांब बसलेल्याला ‘सात’ आणि ‘साठ’ वेगळे ऐकू आले पाहिजेत. स्वस्त माइकवर दोन्ही एकच होतात.

भोंगा खर्ज तसाही देत नाही. तरी ॲम्प्लिफायरचा बेस चढवून ठेवणारे साउंडवाले पुष्कळ. बेस चढवून माइकवर ‘फू फू’ केलं किंवा माइक टेबलावर आपटला की भोंग्याच्या युनिटमधला पडदा जातो. यालाच ‘युनिट उडालं’ म्हणतात. बेस पार खाली, ट्रेबल मध्याच्या किंचित वर, आणि तपासणी फुंकरीने नव्हे तर बोलून. माइक ओठांपासून दोन बोटं लांब धरा आणि ओठांच्या कोपऱ्याकडे थोडा तिरका ठेवा. सरळ तोंडासमोर धरला तर प, फ, ब, भ फुटतात, आणि आपली खेळाची भाषा या अक्षरांनीच भरलेली आहे: पकड, फटका, फलंदाज, बाद, बोनस. उघड्या रानातल्या मैदानावर वारा असेल तर वरून फोमची टोपी घाला. आतला स्पंज एकटा पुरत नाही.

जाळी मुठीत धरणं ही समालोचकांची लाडकी ढब. त्याने आवाज भारदस्त होत नाही. मागचा आवाज टाळण्याचा माइकचा गुण तेवढा जातो, आणि भोंगा शिट्टी मारू लागतो. दांडा जाळीच्या खाली धरा. भोंगे माइकच्या समोर नकोत, शेपटीच्या दिशेला हवेत. दूरच्या भोंग्याचं तोंडही टेबलाकडे नको. ८० मीटरवरून परत येणारा स्वतःचाच आवाज जवळपास पाव सेकंद उशिरा कानावर पडतो आणि बोलणारा अडखळू लागतो. लोकांना वाटतं, पोरगा घाबरला. भोंगा फिरवता येत नसेल तर एका कानात कापूस घाला. दिसायला बरं दिसत नाही, पण चालतं.

वायर वेगळी घ्यावी लागते आणि गडबड तिच्यातच जास्त होते. माइकला तीन पिनांचा ‘कॅनन’ प्लग लागतो. भाड्याच्या ॲम्प्लिफायरला मात्र बहुधा पाव इंची जॅक असतो, बाजारात त्याला पी-३८ म्हणतात. डाग देताना (सोल्डरिंग करताना) २ नंबरची पिन जॅकच्या टोकाला, १ आणि ३ एकत्र करून मागच्या भागाला. २ आणि ३ एकमेकांना चिकटल्या तर आवाजच येत नाही. १ सुटली तर भणभण येते. अशी वायर पाच-सहा मीटरच्या पुढे नेऊ नका, जनरेटरची घरघर तिच्यातून भोंग्यावर येते. ॲम्प्लिफायर लांब असेल तर टेबलावर छोटा मिक्सर ठेवून तिथपर्यंत दोन्ही टोकांना कॅनन असलेली वायर वापरा. हॅलोजनची वायर आडवी येत असेल तर काटकोनात ओलांडा, शेजारून नेऊ नका. सामना यूट्यूबवर जाणार असेल, तर ही वायर सरळ मोबाइलला लावून भागत नाही. मध्ये यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज मोबाइल किंवा संगणकाला देणारी डबी, लागते. समालोचक निवडीच्या चाचणीला पाठवायचा आवाजाचा नमुना घरी रेकॉर्ड करायलाही तीच कामी येते.

कबड्डीत अडचण हाताची. २० मिनिटांचे दोन डाव, मध्ये ५ मिनिटं विश्रांती, आणि एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. तेवढ्यात चढाईपटूचं नाव सांगायचं, समोर किती उरलेत ते मोजायचं (सहा किंवा जास्त असतील तरच बोनस, तीन किंवा कमी असतील तर अव्वल पकडीचा गुण), तिसरी, ‘करो या मरो’ चढाई आहे का ते ध्यानात ठेवायचं आणि कागदावर खूणही करायची. माइकचं वजन २९८ ग्रॅम, शिवाय लोंबणाऱ्या वायरीचा भार वेगळा. दुसऱ्या डावात मनगट खाली येतं, माइक हनुवटीपाशी जातो आणि साउंडवाला नॉब वाढवतो. मग शिट्टी. म्हणून माइकसोबत टेबलस्टँड घ्याच. क्लिपच्या आट्या स्टँडला बसतात का ते दुकानातच फिरवून पाहा, आणि स्टँडखाली पोत्याची चौपदरी घडी ठेवा, नाहीतर टेबलावर पडलेला प्रत्येक हात भोंग्यावर धडधडतो.

कुस्तीचं गणित निराळं. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेसारख्या फडात निवेदक पैलवानांभोवती फिरत बोलतो. हलगीच्या दणक्यातही ५८ आवाज नीट उचलतो, पण वायर पंचाच्या पायात येते. तिथे याच कंपनीचा बिनवायरी ‘बीएलएक्स’ संच बघा. त्याला ५८चंच डोकं मिळतं, आणि दोन पेन्सिल सेलवर कंपनी १४ तासांपर्यंत सांगते. वायरचा ५८ आधी घेतला असेल तर तो त्यात बदलून मिळत नाही.

नकली मालाचा सुळसुळाट आहे. दीड-दोन हजारांत मिळतो तो ५८ नव्हे. दुकानात वजनकाटा मागा, वर दिलेल्या वजनाशी ताडून पाहा, मग जाळी फिरवून काढा. अस्सल माइकमध्ये कॅप्सूलला (आवाज पकडणाऱ्या आतल्या भागाला) पिवळी आणि हिरवी अशा दोन वायरी असतात. बिल घेतल्याशिवाय निघू नका. दबलेली जाळी आणि कॅप्सूल दोन्ही सुटी मिळतात, त्यामुळे पडला म्हणून माइक फेकायचं कारण नाही. काळ्या मातीच्या मैदानावर चार दिवस स्पर्धा झाली की जाळी काढा, आतला स्पंज साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि सावलीत पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. ओला बसवला तर पाणी कॅप्सूलवर उतरतं.