रुईया की झेवियर्स? पत्रकारितेसाठी अर्ज भरण्याआधी

बारावीचा निकाल लागला की ही चर्चा सुरू होते आणि बहुतेक वेळा ‘नाव कुणाचं मोठं’ इथेच अडकते. नावाचं म्हणाल तर दोन्ही तोडीस तोड. झेवियर्स 1869चं, रुईया 1937चं. दोन्ही स्वायत्त, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या, पदवी मुंबई विद्यापीठाची. आजही सगळे ज्याला बीएमएमच म्हणतात, तो मास मीडियाचा कोर्स दोन्हीकडे विनाअनुदानित आहे. तेव्हा साध्या बीएच्या फीचा अंदाज धरून बसू नका. माहितीपत्रकातला आकडा बघा, मगच घरी विषय काढा.

मी पहिला प्रश्न वेगळाच विचारेन: बातमी कोणत्या भाषेत लिहिणार?

मराठी पेपर किंवा चॅनल डोक्यात असेल तर रुईयाची बाजू भक्कम आहे, कारण तिथे हा कोर्स मराठी माध्यमातून शिकवण्याची परंपरा आहे. (यंदा मराठी तुकडीत किती जागा आहेत ते मात्र आधी विचारून घ्या.) मराठी डेस्कवर नवा पोरगा आला की त्याच्यासमोर पीटीआय या वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी टाकतात आणि सांगतात, दे लवकर. तिथे ‘करण्यात आले’, ‘देण्यात आले’ अशी माळ न लावता सरळ ‘पोलिसांनी अटक केली’ लिहिणं ही रोजच्या सरावाने येणारी गोष्ट आहे. तीन वर्षं मराठीत असाइनमेंट लिहिलेल्याचा हात तिथे अडत नाही. शिवाय दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग जवळच आहे. जुनी मराठी नियतकालिकं चाळायची असतील तर त्यासारखी जागा नाही.

झेवियर्सचा हुकमाचा एक्का म्हणजे पत्ता. कॉलेजच्या बाहेर पडलात की किल्ला कोर्ट, आझाद मैदान, महापालिका मुख्यालय, सगळं चालत. प्रेस क्लब आणि मराठी पत्रकार संघ दोन्ही आझाद मैदानालगत. मुंबईत मोर्चा कुठूनही निघो, तो शेवटी इथेच येतो: मार्च 2018चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च इथेच आला, ऑगस्ट 2025च्या अखेरीस मनोज जरांगे इथेच उपोषणाला बसले. लेक्चर संपवून अशा ठिकाणी तासभर उभं राहिलं, चार माणसांशी बोललं, तर वर्गात ‘फील्ड रिपोर्टिंग’वर वेगळं काही सांगावं लागत नाही. किल्ला कोर्टात दुपारी जाऊन बसा. रिमांडची सुनावणी दोन मिनिटांत आटोपते, आणि तेवढ्यात पोलीस कोठडी मिळाली की न्यायालयीन, हे कान देऊन टिपावं लागतं. वकिलांच्या गर्दीतून नाव नीट ऐकू येत नाही, ते पुन्हा कुणाला विचारायचं हेही तिथेच कळतं.

शिकवण्याची भाषा इंग्रजी आणि वातावरणही. ‘मल्हार’ या कॉलेज महोत्सवाचं आयोजन करता करता मुलं कामाला लागतात, हे खरं. रुईयात ती जागा नाट्यवलय हा कॉलेजचा नाटकाचा गट घेतो.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो. इंग्रजीची भीती वाटते म्हणून रुईया घेत असाल, तर थोडं थांबा. उच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीत असतात. ते वाचता आले नाहीत तर मराठी वार्ताहरालाही दुसऱ्याच्या बातमीवर विसंबावं लागतं. उलट मंत्रालयातले शासन निर्णय (जीआर) मराठीत निघतात, त्यामुळे झेवियर्समधून बाहेर पडलेल्या ज्या मुलीला जीआर वाचता येत नाही, तिची पंचाईतही तेवढीच. इंग्रजी पेपरांत मुंबईचा बीट सांभाळायला मराठी लागतेच.

म्हणून माझा कौल असा. मराठीत लिहूनच पोट भरायचं असेल तर बिनधास्त रुईया घ्या आणि सुट्टीच्या दिवशी आझाद मैदान गाठा. माटुंग्याहून सीएसएमटी काही लांब नाही. इंग्रजी पत्रकारिता करायची असेल आणि घरात मराठी बोलली जात असेल तर झेवियर्स, तिथलं मराठी वाङ्मय मंडळ सोडू नका.

प्रवासाचं थोडक्यात: माटुंग्याला फास्ट लोकल थांबत नाही, कल्याण-डोंबिवलीकरांना फास्टने आल्यास कुर्ल्याला उतरून स्लो पकडावी लागेल. झेवियर्सला पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्यांनी चर्चगेटपर्यंत न जाता मरीन लाइन्सला उतरावं.

अर्ज भरण्याआधी दोन्हीकडच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा. इंटर्नशिप कुठे केली, कुणी लावून दिली आणि स्वतःच्या नावानं छापून आलेलं काही दाखवता का, एवढं विचारा.