सोलापूरचं ऊन, स्पितीची थंडी: कॅम्परला बॅटरी कोणती घ्यावी?

ट्रॅव्हलर गाडीच्या सीटा काढायच्या, आत पलंग, ओटा नि पाण्याची टाकी बसवायची आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली की थेट हिमाचलातल्या स्पितीत काझाला जायचं, असा बेत करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. सुतारकाम, पत्र्याचं काम, वायरिंग सगळं सोलापुरात चांगलं होतं. पैसे वाया जातात ते आतले दिवे, पंखा, हीटर चालवणाऱ्या बॅटरीत, आणि माझे गेले आहेत.

आपल्या गाडीची अडचण दुहेरी आहे. काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. जानेवारीत रात्रीचा पारा उणे 20 पर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरतो. पण तिथं गाडी राहणार जेमतेम पंधरा दिवस. उरलेलं वर्ष ती जुळे सोलापुरात पत्र्याच्या शेडखाली उभी. मे महिन्यात बाहेर 42-43 अंश, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. नुसती थंडी डोळ्यासमोर ठेवून बॅटरी घेतली, तर ती उन्हाळ्यात म्हातारी होते.

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर (शिसं-ॲसिडची, पाणी घालायची) बॅटरी गाडीत टाकावी, असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं. ती शून्याखालीही चार्ज होते, सावकाश का होईना, हा तिचा खरा गुण. पण 150 ॲम्पिअर-अवरची बॅटरी पन्नास किलोच्या पुढे जाते आणि त्यातली निम्मीच वापरायची असते. पूर्ण भरलेली असेल तर काझाच्या थंडीत गोठत नाही. उतरलेली असेल तर उणे दहाच्या आसपास आतलं पाणी गोठून डबा तडकू शकतो. शिवाय चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे झोपायच्या पलंगाखाली तिला जागा नाही. उष्णतेचा हिशेबही तिच्या विरुद्धच: 25 अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मं. वर्षातून एकच फेरी आणि हात आखडता असेल, तर शिसं-ॲसिडचीच पण सीलबंद, एजीएम प्रकारची घ्या, पाण्याची नको.

जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांचे एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टचे लिथियम) सेल स्वस्तात मिळतात. घेऊ नका. थंडीत चार्ज करण्याची अडचण त्यांनाही आहेच, आणि बिघडले तर लिथियम फॉस्फेटपेक्षा (लिथियम आयर्न फॉस्फेट, एलएफपी) कमी तापमानाला भडकतात. वर माणसं झोपणार आहेत. लिथियम टायटनेट हा तिसरा प्रकार उणे 30 लाही चार्ज होतो, पण तेवढीच वीज साठवायला वजन आणि किंमत दोन्ही फार वाढतात.

म्हणजे खरी निवड दोन लिथियम फॉस्फेट बॅटऱ्यांमध्ये आहे: साधी, आणि आत हीटर असलेली.

आधी हे समजून घ्या की थंडीत वीज काढणं आणि वीज भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उणे 20 पर्यंत ही बॅटरी वीज देते, कमी देते इतकंच. दुकानदार ‘थंडीत चालते’ म्हणतो ते एवढ्यापुरतं खरं. शून्याखाली चार्ज करायला गेलं की लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरत नाही, धातू होऊन पृष्ठभागावर जमतं. तेवढी क्षमता कायमची जाते, आणि थर वाढत गेला तर आत शॉर्ट होण्याचा धोका.

माझ्या पहिल्या लिथियम बॅटरीच्या बीएमएसमध्ये (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या आतल्या सर्किटमध्ये) थंडीत चार्जिंग तोडण्याची सोयच नव्हती, आणि ती मी बसवली होती गाडीच्या तळाला, बाहेरच्या पेटीत. रोज सकाळी इंजिन सुरू केलं की गोठलेल्या सेलमध्ये करंट जात होता. परत आल्यावर मोजली तर शंभर ॲम्पिअर-अवरची जेमतेम ऐंशी उरली होती. विकणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग, मी विचारलंच नव्हतं.

हीटरवाली बॅटरी येणाऱ्या करंटवर आधी स्वतःला तापवते, सेल शून्याच्या वर आले की मगच भरायला लागते. बारा किलोची बॅटरी वीस अंशांनी तापवायला, गळती धरून, शंभर वॉट-अवरच्या आसपास लागतात. म्हणजे छतावरच्या 200 वॉटच्या पॅनेलची तासाभराची कमाई. तिथला हिवाळ्याचा दिवस लहान, ऊन तिरकं, त्यात पॅनेलवर बर्फ. तो तास जाणवतो.

साध्या बॅटरीला हीच ऊब फुकट मिळू शकते. डिझेल हीटर लावून तुम्ही गाडीत झोपणारच. मग बॅटरी पलंगाखाली आतल्या बाजूला ठेवा, जमिनीकडून इंचभर थर्माकोलची शीट, वरच्या बाजूनं हवा खेळायला भोकं. चादर गुंडाळून भागेल का, असं सोलापूरचा माणूस विचारणारच. चादर ऊब धरते, तयार करत नाही. गाडी दोन दिवस बंद राहिली तर चादरीतली बॅटरीही बाहेरइतकीच थंड होते.

तेव्हा तुम्ही गाडी सोडून दोन-तीन दिवस गावातल्या घरी मुक्काम करणार असाल, किंवा बॅटरी तळाशीच बसवावी लागत असेल, तर हीटरवालीचे जादा पैसे मोजा. तसं नसेल तर माझं मत साध्या बॅटरीच्या बाजूनं आहे. वाचलेले पैसे डीसी-डीसी चार्जरवर घाला; इंजिनावर वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरमधून बॅटरीकडे जाणारा करंट तो आवरतो. रिकामी लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला जोडली तर ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापतो, आणि घाटात हळू चालताना त्याला गार व्हायला वाराही मिळत नाही. पॅनेलच्या वायरवर एक स्विचही बसवा; गाडी थंड पडणार असेल तेव्हा बंद करायचा.

12.8 व्होल्टची शंभर ॲम्पिअर-अवर बॅटरी म्हणजे 1,280 वॉट-अवर. डिझेल हीटरचा पंखा, दिवे, फोन, लॅपटॉप मिळून दिवसाला चार-पाचशे धरा, दोन दिवस निघतात. विजेची शेगडी मात्र तासाभरात सगळं संपवेल.

घेताना दुकानातच तपासा. बीएमएसचं ॲप उघडून कमी तापमानाला चार्जिंग कुठं तुटतं तो आकडा बघा. शून्य किंवा त्याहून वर हवा. तापमानाचा सेन्सर सेलला चिकटलेला आहे की नुसता सर्किटवर, हे विचारा. सेन्सरची वायर बाहेर काढता येत असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून मीठ टाकलेल्या बर्फात बुडवा, चार्जर चालू ठेवून. काही मिनिटांत चार्जिंग थांबलं नाही, तर ती बॅटरी तिथंच ठेवून या.

मार्च संपला की बॅटरी निम्मी चार्ज ठेवून गाडीतून काढा. भरलेली बॅटरी उन्हात ठेवली की लवकर झिजते. बारा किलो एकटा माणूस उचलू शकतो. घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा आणि पावसाळा सुरू झाल्यावर एकदा व्होल्टेज बघा.