ओमेगा स्पीडमास्टर: चौदा महिने रोज चावी दिल्यानंतर

२०२४ च्या दिवाळीपासून माझ्या मनगटावर ओमेगा स्पीडमास्टर प्रोफेशनल हे स्विस घड्याळ आहे. ४२ मिलिमीटरचं, प्लास्टिकच्या काचेचं, स्टीलच्या पट्ट्याचं, आत ३८६१ हे चावीचं यंत्र. हे मॉडेल जानेवारी २०२१ मध्ये आलं आणि माझं त्याच वर्षाच्या डिसेंबरमधलं आहे, म्हणजे सेकंडहँड. पुण्यातच, पक्क्या बिलावर, ४ लाख १० हजारांना घेतलं.

बाबांकडे एचएमटी जनता होतं. अंघोळ झाली की देवाला नमस्कार आणि मग घड्याळाला चावी, हा त्यांचा क्रम मी लहानपणापासून पाहिला. ऑटोमॅटिक न घेता चावीचंच घ्यायचं हे त्यामुळे आधीच ठरलं होतं. पूर्ण चावी दिली की हे ५० तास चालतं. शनिवारी सकाळी दिली आणि रविवारी विसरलो, तर सोमवारी ऑफिसला निघेपर्यंत ते थांबायला आलेलं असतं.

वेळ उत्तम राखतं. स्विस मापनसंस्था मेटासच्या कसोटीनुसार ते रोज ० ते ५ सेकंद पुढे जाऊ शकतं. माझं आठवड्याला नऊ-दहा सेकंद पुढे जातं. चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा थांबतो, त्यामुळे वेळ अचूक लावता येते. जुन्या १८६१ यंत्रात ही सोय नव्हती.

काचेबद्दल सगळे विचारतात. हेसालाइट म्हणजे ॲक्रिलिक. फुटली तर तिचे तुकडे उडत नाहीत, आणि अंतराळयानात तरंगणारे काचेचे कण नकोत म्हणून हा गुण महत्त्वाचा होता. नासाने १ मार्च १९६५ रोजी हे घड्याळ मानवी मोहिमांसाठी पात्र ठरवलं तेव्हा काच हीच होती. हिच्यावर ओरखडे पडतात, अगदी शर्टाच्या बटणानेही. पण प्लास्टिक पॉलिशची पेस्ट घेऊन मऊ फडक्याने दहा मिनिटं घासलं की बारीक ओरखडे जातात. मी चौदा महिन्यांत तीनदा घासली. तिरप्या उजेडात तबकडीवर जी उबदार झाक येते, ती मला सफायर या कठीण काचेच्या मॉडेलमध्ये दिसली नाही. काचेच्या मधोमध ओमेगाचं अगदी बारीक चिन्ह कोरलेलं असतं. घेताना ते भिंगाखाली जरूर बघा.

क्रोनोग्राफ, म्हणजे घड्याळातलं स्टॉपवॉच, मी खरोखर वापरतो. मुलगी ८०० मीटर धावते, आणि तिच्या सरावाच्या वेळा मी यावरच घेतो. वरचं बटण कडक आहे, अंगठा नीट टेकवूनच दाबावं लागतं. सुरू होताना मोठा काटा कधी कधी किंचित उडी मारतो. दाते आडवे येऊन एकमेकांत अडकतात अशी ही जुनी रचना आहे, तो बिघाड नव्हे. टॅकिमीटर, म्हणजे बाहेरच्या कड्यावरचे वेग सांगणारे आकडे, तोही उपयोगी पडतो. एक्स्प्रेसवेवर शेजारच्या सीटवर बसून एका किलोमीटरच्या खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत वेळ घ्यायची: ३६ सेकंद लागले तर काटा १०० वर, ४५ लागले तर ८० वर.

आता किमतीचं, कारण फसगत तिथेच होते.

हे घेण्याआधी मी एक जुनं स्पीडमास्टर जवळजवळ घेतलंच होतं. विक्रेता म्हणाला, "साहेब, १९६९ चं आहे, चंद्रावर गेले त्या सालचं, आणि बघा कसं नव्यासारखं चकचकीत." मी ते पेठेतल्या एका वयस्कर घड्याळजी काकांकडे नेलं. त्यांनी भिंग लावलं आणि पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. मग एकेक दाखवत गेले. पट्टा जिथे जोडतात ते चार पाय घासून घासून गोल झाले होते. मूळ घड्याळात तिथे एक वळणदार धारदार कड असते, आणि एकदा गेली की ती परत येत नाही. बाहेरच्या कड्यावर ९० च्या आकड्याचा ठिपका शेजारी होता, त्या काळच्या कड्यावर तो वरच्या बाजूला हवा. शेवटी टॉर्च मारून दिवा बंद केला. काटे हिरवे चमकले, तबकडी अंधारातच राहिली. त्या काळी चमकण्यासाठी लावायचे ते किरणोत्सारी ट्रिटियम दर सव्वाबारा वर्षांनी जवळपास निम्मं होतं, म्हणजे आज ते मालवलेलंच असणार. चमकणारे काटे नंतर बसवलेले होते. काका म्हणाले, "घड्याळ खरं आहे हो, पण हे एक घड्याळ नाही, तिघांचं मिळून झालंय."

मोठ्या पातळीवरही हेच घडलं आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हातल्या लिलावात १९५७ च्या पहिल्या मालिकेतलं एक स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेलं. ते कंपनीच्याच संग्रहालयासाठी घेतलेलं होतं. २०२३ मध्ये ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून केल्याचं कंपनीनेच जाहीर केलं. तिथे तज्ज्ञ चुकू शकतात, तर आपण जुन्याच्या वाटेला एकट्याने जाऊ नये असं माझं ठाम मत झालं, आणि मी २०२१ पासूनचं शोधायला लागलो.

पैसे वाढतील म्हणून हे घेऊ नका. रोलेक्स कंपनीच्या डेटोना या घड्याळाला शोरूमच्या किमतीपेक्षा बाहेर जास्त भाव येतो, कारण हवं त्याला ती मिळत नाही. स्पीडमास्टर दुकानात मिळतं, म्हणून दाराबाहेर पडलं की भाव उतरतो. तो उतार पहिल्या मालकाने सोसलेला असला की आपलं नुकसान कमी. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून एफ्टा देशांशी (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन) झालेला भारताचा व्यापारकरार लागू झाला आहे आणि स्विस घड्याळांवरचं आयातशुल्क काही वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. पण कंपन्या दर वाढवत असतात आणि फ्रँकही वधारतो, त्यामुळे सगळी सूट आपल्यापर्यंत येईल असं मी धरून चालत नाही.

दोन गोष्टी खटकतात. पट्टा २० मिलिमीटरवरून १५ पर्यंत निमुळता होतो आणि दिसायला फार सुंदर आहे, पण मे महिन्यात मनगट सुजलं की जागेवरच सैल करायची सोय नाही. दुसरं म्हणजे पाणी. ५० मीटरची खात्री लिहिलेली असली तरी पावसात दुचाकीवर मी ते घालत नाही.

वॉरंटी पाच वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. त्याआधी अधिकृत केंद्रात एकदा तपासून घेईन आणि पॉलिश करू नका असं पावतीवर लिहून घेईन. आज घ्यायचं झालं तर वॉरंटी कार्डावरचा नंबर घड्याळावरच्या नंबराशी जुळतो का, पट्ट्याच्या काढलेल्या कड्या सोबत आहेत का आणि बिल पक्कं आहे का, एवढं बघून मी सव्वाचार लाखांपर्यंत जाईन. कड्या नसतील तर बोली तिथेच खाली आणेन.